न्यूयॉर्क महापालिकेची पालकत्व रजा : एकच शहर, तीन हिशेब

मूल झाल्यावर १२ आठवडे नोकरी शाबूत ठेवण्याची हमी अमेरिकेचा १९९३ चा केंद्रीय कायदा देतो, पण ती रजा बिनपगारी. त्यासाठीही नोकरीचं एक वर्ष आणि १,२५० तास भरलेले हवेत. पगारी रजा हवी असेल तर न्यूयॉर्क महापालिकेत पहिला प्रश्न एकच : तुम्ही कुठल्या युनियनचे?

युनियनबाहेरच्या सुमारे २०,००० व्यवस्थापक मंडळींना जानेवारी २०१६ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या आदेशाने पूर्ण पगारी सहा आठवडे मिळाले. आई, बाप, दत्तक, फॉस्टर (मूल तात्पुरतं सांभाळणारे) पालक, सगळ्यांना सारखे. शिल्लक रजा जोडून १२ आठवड्यांपर्यंत जाता येतं. वापरायला सर्वांत सोपी योजना हीच, पण तिची किंमत सगळ्यांनी मोजली : ठरलेली ०.४७ टक्क्यांची वेतनवाढ रद्द झाली आणि सर्वांत जुन्या कर्मचाऱ्यांची वार्षिक सुट्टी २७ वरून २५ दिवसांवर आली. म्हणजे निवृत्तीला टेकलेल्या माणसानेही शेजारच्या टेबलावरच्या बाळासाठी वर्गणी भरली. तिजोरीला तोशीस न लावता घेतलेलं श्रेय, असंच याला म्हणावं लागेल.

शिक्षकांचा करार जून २०१८ चा. त्याआधी शिक्षिकेला साठवलेली आजारपणाची रजाच वापरावी लागे. संपली की उसनी. ती बाळंतपणातून सावरण्यापुरती असल्याने बाप आणि दत्तक घेणारे पालक त्यात बसतच नव्हते. आता सहा आठवडे पूर्ण पगारी, त्याबदल्यात जुना वेतनकरार अडीच महिने लांबवला. साध्या बाळंतपणाचे सहा किंवा सिझेरियनचे आठ आठवडे धरून आईला १२ ते १४ आठवडे मिळतात, असं सांगितलं जातं. मेख तिथेच आहे. सावरण्याचे आठवडे अजूनही आजारपणाच्या रजेतूनच जातात. सहा आठवडे म्हणजे कामाचे ३० दिवस, आणि शिक्षकाच्या खात्यात वर्षाला १० जमा होतात. तीन वर्षं एकदाही खाडा न केलेल्या बाईंचं खातं त्यात साफ रिकामं. मग बाळाला पहिला ताप आला की काय करायचं?

तिसरा हिशेब महापालिका कर्मचाऱ्यांच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिल ३७ या मोठ्या युनियनचा. २०१९ पासून ती राज्याच्या कौटुंबिक रजा विम्यात आहे. १२ आठवडे, सरासरी पगाराच्या ६७ टक्के, पण वर कमाल मर्यादा : २०२५ मध्ये ती आठवड्याला १,१७७.३२ डॉलर होती. विम्यासाठी कर्मचाऱ्याकडून होणारी कपात त्या वर्षी पगाराच्या ०.३८८ टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ३५४.५३ डॉलर होती.

आठवड्याला १,२०० डॉलर मिळवणाऱ्याला ८०४ मिळतील, १२ आठवड्यांचे ९,६४८. व्यवस्थापकांसारखे सहा पूर्ण आठवडे मिळाले असते तर ७,२००. वेळही दुप्पट, पैसाही जास्त. २,५०० वाल्याला मात्र २०२५ च्या मर्यादेमुळे १४,१२७.८४ विरुद्ध १५,०००, आणि घरभाडं तर पूर्णच भरायचं असतं. कमी पगाराच्या माणसासाठी ही योजना निःसंशय उजवी. तिची दुसरी जमेची बाजू म्हणजे रजा सुटी सुटी, एकेक दिवसही घेता येते.

अडतं ते कागदपत्रांत. आधी माहीत असलेल्या रजेची सूचना ३० दिवस आधी द्यायची. अर्जातला आपला भाग भरून कार्यालयाकडे द्यायचा. त्यांनी तीन कामकाजी दिवसांत परत करायचा. मग जन्माचा दाखला जोडून विमा कंपनीकडे, रजा सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत. पूर्ण अर्ज पोचल्यावर निर्णयाला १८ दिवस. ही रजा जन्माआधी सुरू होत नाही आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत संपवायची. आणि हो, या पैशांवर केंद्रीय कर लागतो, पण तो आपोआप कापला जात नाही. तशी विनंती आधीच करावी, नाहीतर एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना तोंडचं पाणी पळतं.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरीत आईला १८० दिवस आणि बापाला फक्त १५. तिथे बाळंतपणातून सावरण्याची रजा सोडली तर तिन्ही योजनांत बापाचा वाटा आईएवढाच आहे, हे मान्य करावंच लागेल. मात्र राज्याच्या विम्यात नवरा-बायको दोघं एकाच मालकाकडे असतील, तर एकाच बाळासाठी दोघांना एकाच वेळी रजा नाकारता येते. अशांनी तारखा पुढेमागे लावूनच अर्ज करावा.