एक्सपल्स 200 4व्ही : समोरून येणाऱ्यांच्या वाटेवर

हिरोच्या एक्सपल्स 200 4व्ही या मोटरसायकलबद्दल काही वाचायला घेतलं की त्यात लडाख असतं, स्पिती असते, नदी ओलांडतानाचे फोटो असतात. मला ही गाडी वेगळ्याच कामाला लागते. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात मी जनावरांची डॉक्टर आहे. अडावद, लासूर, सत्रासेनकडचे गोठे आणि सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा आदिवासींचे पाडे हे माझं रोजचं क्षेत्र. डांबर मध्येच संपतं, पुढे शिवाररस्ता, नाल्याची वाट, मुरमाची चढण. रुंदी जेमतेम एका ट्रॅक्टरची आणि येणंजाणं मात्र दोन्ही बाजूंनी. म्हणून या गाडीला मी एकच प्रश्न विचारते : समोरून कोणी अचानक आलं तर ती मला वेळेत थांबवते का, आणि बाजूला होऊ देते का? माझं उत्तर हो असं आहे. पण त्यातलं अर्धं काम गाडीचं आणि अर्धं चालवणाऱ्याचं, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

आधी थोडा हिशोब. 30 च्या वेगाने गाडी सेकंदाला 8 मीटरहून जास्त जाते. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. सुट्या मुरमावर नीट ब्रेक मारूनही थांबायला आणखी 9 मीटर लागतात. म्हणजे 17 मीटर झाले. समोरचाही तेवढ्याच वेगाने येत असेल तर त्याचे 17. दोघांना मिळून 34 मीटर मोकळी वाट हवी. आता केळीच्या बागेतलं वळण डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेली केळी, पानं रस्त्यावर आलेली. पुढचं 25 मीटर दिसलं तरी पुष्कळ. दोघेही कुशल, दोघांचेही ब्रेक उत्तम, तरी टक्कर ठरलेली. हाच वेग दोघांनीही 20 वर आणला तर प्रत्येकी दहाएक मीटर लागतात आणि दोघेही थांबतात. या हिशोबात गाडी कोणती हा प्रश्नच येत नाही. म्हणून एक्सपल्सची मला पहिल्यांदा आवडलेली गोष्ट म्हणजे ती दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवली तरी कुरकुर करत नाही. 199.6 सीसीचं ऑइल कूल्ड इंजिन आहे. वळणाआधी वेग कमी केला तरी क्लचशी झटापट करावी लागत नाही. गाडीला धडपणे हळू चालता येत असेल तरच माणूस हळू चालवतो.

दुसरी गोष्ट चाकोरीची, आणि माझ्या मते इथल्या टकरींचं खरं मूळ तिथेच आहे. शिवाररस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या असतात, मध्ये गवताचा उंचवटा. दोन्हींतली एक नेहमी बरी असते, दुसरीत खड्डे, दगड किंवा कोणाच्या तरी ठिबकचं पाणी. जाणाराही बरी चाकोरी धरतो आणि येणाराही तीच धरतो. मग दोघं एकाच रुळावर समोरासमोर. ऐन वेळी बाहेर पडायला गेलं की पुढचं चाक चाकोरीच्या कडेला घासतं, वर चढत नाही, आणि हँडल आडवं होऊन गाडी समोरच्याच्या पुढ्यात पडते. म्हणून वाईट असली तरी डावीच चाकोरी धरायची, निदान वळण आणि चढाचा माथा येईपर्यंत. एक्सपल्सवर हे पाळणं सोपं जातं. पुढचं चाक 21 इंचाचं, सस्पेन्शनला खालीवर व्हायला वाव पुढे 190 आणि मागे 170 मिलिमीटर, खाली 220 मिलिमीटरची जागा. दगडांची डावी चाकोरी तिला जड जात नाही, त्यामुळे चांगल्या बाजूचा मोह सुटतो. आणि चाकोरी सोडायचीच झाली तर मोठं चाक कडेवर लवकर चढतं. तेही वेग कमी असताना, हँडल सरळ ठेवून, थोडं कोनात.

मागच्या हंगामात लासूरकडून येताना नाल्याच्या उतारावर हे सगळं एका क्षणात बघायला मिळालं. पलीकडून बाजार करून परतणारी तीन पोरं एका मोटरसायकलवर, मधल्याच्या मांडीवर पिशवी. मी उतरण्याआधी दोनदा हॉर्न दिला होता, डावीकडे थांबले होते आणि डावा पाय टेकवला होता. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा घाटातला कायद्याचा नियम आहे, तो नाल्यावरही तितकाच लागू. चढताना गाडी थांबली की मुरमावर पुन्हा उचलत नाही, मागे घसरते. पोरं वर आली. त्यांचं हँडल माझ्या हँडलजवळून वीतभर अंतराने गेलं. चालवणारा म्हणाला, "ताई, मांगे आखो दोन गाड्या येई ऱ्हायन्यात." त्या एका वाक्यासाठी मी त्याला मनापासून धन्यवाद दिले, कारण वाट मोकळी झाली असं समजून मी निघणारच होते.

ट्रेल म्हणजे कच्च्या डोंगरवाटा हौसेने चालवणाऱ्यांमध्ये याचीच खूण आहे. समोरून येणाऱ्याला बोटं दाखवायची : मागे दोन असतील तर दोन, आणि शेवटच्याने मूठ. आपल्याकडे रविवारी पायथ्याच्या वाटांवर पाच-सहा गाड्यांची पोरं येतात. पहिला निघून जातो आणि समोरचा रस्त्याच्या मधोमध येतो, तेवढ्यात दुसरा वळणातून उगवतो. या पोरांनी एवढी एक खूण उचलली तरी मला मोठं समाधान वाटेल. (आणि यावल अभयारण्यात हौसेखातर गाड्या घालू नका. तिथल्या वाटा तुमच्यासाठी नाहीत.)

ब्रेकबद्दल. 2023 पासूनच्या गाडीत एबीएसचे, म्हणजे ब्रेक आवळला तरी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, तीन मोड आहेत : रोड, ऑफ-रोड आणि रॅली. एबीएस पुढच्या चाकाला आहे. रोड मोडमध्ये सुट्या खडीवर ब्रेक सारखा सुटत राहतो आणि थांबायचं अंतर वाढतं. ऑफ-रोडमध्ये तो उशिरा हस्तक्षेप करतो, म्हणून डांबर संपलं की मी तोच लावते. रॅलीमध्ये एबीएस बंद होतो. घाबरून पुढचा ब्रेक आवळला तर चाक अडकून गाडी पडते, आणि समोर ट्रॅक्टर दिसल्यावर घाबरायला तर होतंच. त्यामुळे कामाच्या वाटेवर रॅली मोड नको, हे माझं ठाम मत.

दिसणं आणि दिसू देणं हेही महत्त्वाचं. दुचाकींचा दिवा आपोआप चालू राहणं 2017 पासून सक्तीचं आहे. नव्या एक्सपल्सचा एलईडी दिवा दुपारच्या उन्हातही लांबून कळतो. शेतातल्या जुन्या गाड्यांचा दिवा असा आपोआप लागत नाही, म्हणून समोर दिवा दिसत नाही म्हणजे समोर कोणी नाही असं धरू नये. कापूस आणि तुरीच्या शिवारात मी पायांवर उभी राहून चालवते, हँडल त्या उंचीला बरोबर हाताशी येतं आणि पिकावरून पलीकडची धूळ दिसते. केळीत आणि मक्यात उभं राहूनही काही दिसत नाही, पानं हॉर्नही गिळतात. तिथे फक्त वेगच कामाचा. उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागच्या फुफाट्यात शिरू नका. तुम्हाला समोरचा दिसत नाही आणि समोरच्याला तुम्ही. थांबा, धूळ बसू द्या.

हँडगार्ड कंपनीचेच येतात. प्लास्टिकचे आहेत, फांद्या आणि केळीची पानं अडवायला पुरेसे. दुसऱ्या हँडलचा मार बोटांवर येऊ नये म्हणून मी आत अॅल्युमिनियमचा बार असलेले बसवून घेतले. एका स्थानिक दुकानातून आधी घेतलेल्यांचे नट पहिल्याच पावसाळ्यात ढिले झाले होते, तेव्हा क्लॅम्प बघून घ्या. गुडघ्याचे पॅड मात्र पहिल्या दिवसापासून घाला, कारण आडवी टक्कर झाली तर गुडघा दोन गाड्यांच्या मध्ये सापडतो.

शेवटचा प्रश्न मला हमखास विचारला जातो : साधी घ्यावी की प्रो, म्हणजे हिचीच उंच आवृत्ती? प्रोचं सस्पेन्शन मोठं आहे, तिच्या खाली जागाही जास्त, पण सीट 891 मिलिमीटरवर जाते. साधीची 825. एकेरी वाटेवर समोरच्याला जागा द्यायची म्हणजे डावीकडच्या उतरत्या कडेला थांबून पाय टेकवायचा. तिथे जमीन आधीच खाली गेलेली असते आणि गाडीचं वजन 159 किलोच्या घरात, मागे माझी औषधांची पेटी वेगळी. पाय पोहोचला नाही तर गाडी बांधाखाली. साडेपाच फुटांच्या आतल्या कोणीही, बाई असो की बुवा, साधीच घ्यावी. शोरूममध्ये सपाट फरशीवर बसून ठरवू नका. बाहेर रस्त्याच्या उताराला गाडी डावीकडे कलती उभी करायला सांगा, मागे कोणाला तरी बसवा, आणि मग पाय टेकवून बघा.