नाताळचा खर्च कोणत्या महिन्यावर टाकावा? चार मार्गांची तुलना

नाताळ तिथीप्रमाणे मागेपुढे होत नाही. तो दरवर्षी 25 डिसेंबरलाच येतो, आणि तरीही बेताच्या उत्पन्नातल्या बहुतेक घरांना तो अचानक आल्यासारखा वाटतो. याचे कारण घरखर्चाच्या हिशेबात दडलेले आहे. भाडे, किराणा, वीज, मुलांची फी हे सारे महिन्याच्या मापाने येते आणि आपण हिशेबही महिन्याचाच मांडतो. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या खर्चाला त्या वहीत रकानाच नसतो. म्हणून तो खर्च कसा टाळावा यापेक्षा त्याचा भार वर्षातल्या कोणत्या महिन्याने उचलावा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वर्षभर थोडे थोडे साठवणे, वस्तू आधीपासून घेऊन ठेवणे, डिसेंबरच्या पगारातच भागवणे आणि कार्डावर किंवा हप्त्यांवर घेऊन नंतर फेडणे, हे चारही मार्ग म्हणजे या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

कोणताही मार्ग निवडण्याआधी गेल्या नाताळला प्रत्यक्षात किती खर्च झाला, हे एकदा कागदावर मांडावे. आठवणीवर विसंबून केलेला अंदाज बहुधा कमी भरतो, कारण आपल्याला भेटवस्तू आठवतात, पण त्यांचा वेष्टनाचा कागद, त्या पाठवण्याचा खर्च, खेळण्यांच्या बॅटऱ्या, मुलांच्या कार्यक्रमासाठी ऐनवेळी घ्यावे लागलेले कपडे, पाहुण्यांमुळे वाढलेले वाणसामान आणि नातेवाइकांकडे जाण्यायेण्याचे भाडे आठवत नाही. आमच्या घरी ही यादी पहिल्यांदा लिहिली, तेव्हा भेटवस्तूंखेरीजच्या या किरकोळ रकमांची बेरीज भेटवस्तूंच्या जवळपास निम्मी निघाली. तुमच्या घरचा आकडा वेगळा असेल, पण तो हाती असल्याशिवाय पुढची तुलना हवेतच राहील.

नियमित उत्पन्न असलेल्या घरासाठी वर्षभराची साठवण हा चारही मार्गांत सर्वांत भक्कम मार्ग आहे, असे माझे मत आहे. तिचा एक लोकप्रिय प्रकार 52 आठवड्यांचा आहे: पहिल्या आठवड्यात 1 भाग (भाग म्हणजे तुम्हाला झेपेल अशी कोणतीही ठरावीक रक्कम), दुसऱ्यात 2, असे करत शेवटच्या आठवड्यात 52 भाग बाजूला टाकायचे, म्हणजे वर्षाअखेर 1378 भाग जमतात. सुरुवात सोपी असल्यामुळे हा प्रकार मोहक वाटतो. मात्र त्याचा उतार नेमका चुकीच्या दिशेला आहे. पहिल्या 13 आठवड्यांत मिळून केवळ 91 भाग जमतात आणि शेवटच्या 13 आठवड्यांत 598, म्हणजे एकूण रकमेच्या 43 टक्क्यांहून अधिक. ज्या तिमाहीत घराबाहेर पैसा सर्वाधिक वेगाने जातो, त्याच तिमाहीवर साठवणीचाही सर्वाधिक भार पडतो, आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही शिस्त मोडते. क्रम उलटा करून 52 पासून खाली उतरत आले तर हा दोष जातो, पण तेव्हा जड आठवडे जानेवारीत येतात आणि जानेवारी अनेक घरांत आधीच ओढग्रस्तीचा असतो. आम्ही म्हणून फेब्रुवारीपासून सुरुवात करतो आणि दर आठवड्याला सारखीच रक्कम बाजूला काढतो. त्यात गंमत कमी असली तरी ती रक्कम घराच्या अंगवळणी पडते.

ही साठवण कुठे ठेवावी, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. घरातला डबा हाताशी असतो आणि नेमके तेच त्याचे दुखणे आहे. आमच्या डब्यात एका वर्षी जुलैपर्यंत पैशांपेक्षा चिठ्ठ्या जास्त झाल्या होत्या. ‘गॅससाठी घेतले’, ‘वह्यांसाठी, परत ठेवायचे’ अशा त्या चिठ्ठ्या प्रामाणिक हाताने लिहिलेल्या होत्या, पण त्यांतली एकही रक्कम परत आली नाही. बँकेतले वेगळे खाते, ज्याला कार्ड जोडलेले नाही आणि ज्यातून रोजचे व्यवहार होत नाहीत, ते याहून पुष्कळ बरे. व्याजाचे आकर्षण मात्र धरू नये. दरमहा सारखी रक्कम भरली तर सरासरीने प्रत्येक रकमेला सहा महिन्यांच्या आसपासच अवधी मिळतो. त्यामुळे वार्षिक दर 6 टक्के असला तरी एकूण जमेवर पडणारी भर सुमारे 3 टक्केच असते. या खात्याचा खरा फायदा व्याजात नसून पैसा नजरेआड राहण्यात आहे.

डबा आणि बँकेतले खाते यांखेरीज साठवण ठेवण्याचा आणखी एक पर्याय नाताळसाठीच चालवल्या जाणाऱ्या बचत योजनांचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने 1909 मध्ये अशी योजना सुरू केली आणि ती पद्धत पुढे देशभर पसरली: ग्राहकाने दर आठवड्याला ठरावीक रक्कम भरायची आणि नाताळच्या तोंडावर ती एकरकमी घ्यायची. पैसा बँकेत ठेव म्हणून असेल, तर अशा योजनेत वावगे काही नाही. मात्र योजना बँकेची नसून वस्तू किंवा खरेदीची कुपने देणाऱ्या एखाद्या कंपनीची असेल, तर गोष्ट पूर्णपणे बदलते. ब्रिटनमधली फेअरपॅक ही नाताळ बचतीची कंपनी ऑक्टोबर 2006 मध्ये बुडाली, तेव्हा वर्षभर हप्ते भरलेल्या लाखाहून अधिक लोकांचे पैसे सणाच्या दोन महिने आधी अडकले. त्यांत असेही अनेक लोक होते, ज्यांनी कर्ज टाळावे म्हणूनच ही वाट धरली होती. त्यामुळे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही संस्था उद्या बंद पडली, तर माझ्या रकमेला कायद्याने ठेवीचे संरक्षण आहे का? उत्तर स्पष्ट नसेल, तर तिथे पैसे ठेवू नयेत.

साठवणीला आणखी एक मर्यादा आहे. घरात आजारपणासाठी किंवा नोकरी गेल्यास उपयोगी पडेल असा काहीच राखीव पैसा नसेल, तर नाताळचे खाते हेच आपोआप संकटकाळचे खाते बनते. तसे झाले तर स्वतःला दोष देऊ नये, कारण पैसा योग्य कामी आला असतो. पण ज्यांची गंगाजळी रिकामी आहे त्यांनी आधी ती थोडी तरी भरावी आणि या वर्षीच्या नाताळसाठी पुढे दिलेल्या तिसऱ्या मार्गाचा विचार करावा.

वस्तू वर्षभर आधीपासून घेत राहणे हा दुसरा मार्ग काटकसरीचा म्हणून फार वाखाणला जातो, आणि काही वस्तूंच्या बाबतीत ते रास्तही आहे. सजावटीचे सामान, दिव्यांच्या माळा, वेष्टनाचा कागद, भेटकार्डे ही सामग्री नाताळ उलटल्यावर उतरत्या किमतीत मिळते, खराब होत नाही आणि तिच्या आवडीनिवडीत वर्षभरात फरक पडत नाही. भेटवस्तूंचे मात्र तसे नाही. मी एकदा हिवाळी कपड्यांच्या उतरत्या भावाचा फायदा घेऊन फेब्रुवारीत मुलासाठी स्वेटर घेतला होता, आणि मापाचा अंदाज म्हणून एक नंबर मोठाच घेतला होता. 25 डिसेंबरच्या सकाळी त्याने तो अंगात घातला तेव्हा बाह्या मनगटाच्या चार बोटे वर राहिल्या होत्या. तो काही बोलला नाही, फक्त हात पाठीमागे धरून उभा राहिला. तो स्वेटर पुढे धाकट्या भाच्याला गेला, म्हणजे वाया गेला नाही, पण त्या सकाळी तो ज्याच्यासाठी घेतला होता त्याचा झाला नाही.

आगाऊ खरेदीत दुसरी अडचण कागदपत्रांची आहे आणि ती सहसा लक्षात घेतली जात नाही. वस्तू बदलून देण्याची मुदत आणि दुरुस्तीची हमी ही दोन्ही सामान्यतः खरेदीच्या तारखेपासून मोजली जातात, वेष्टन उघडल्याच्या तारखेपासून नव्हे. मार्चमध्ये घेतलेले विजेवर चालणारे खेळणे डिसेंबरमध्ये पहिल्यांदा सुरू केले आणि ते चाललेच नाही, तर बदलून घेण्याची मुदत केव्हाच संपलेली असते. जी वस्तू बिघडू शकते किंवा जिचे माप लागते, ती सणाच्या तोंडावरच घ्यावी. आगाऊ घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंदही वहीत हवी, नाहीतर कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवलेली भेट विसरून दुसरी आणली जाते आणि वाचवलेला पैसा दुप्पट होऊन जातो.

भेटवस्तूंच्या बाबतीत एक जुना अभ्यास मला मोलाचा वाटतो. जोएल वाल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये विद्यार्थ्यांना मिळालेल्या सणाच्या भेटींचा अभ्यास केला. भेट मिळालेल्या व्यक्तीच्या लेखी तिचे मोल तिच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांपासून एक-तृतीयांशापर्यंत कमी ठरते, असा त्यांचा अंदाज होता. भावनिक मोल त्यांनी त्या हिशेबात धरलेले नव्हते, हे खरेच. तरीही त्यातले एक निरीक्षण आपल्या कामाचे आहे: जवळच्या मित्रांनी आणि जोडीदाराने दिलेल्या भेटींत ही तूट कमी होती, तर वयाने आणि सहवासाने दूर असलेल्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त. भेट कोणासाठी हे ठरण्याआधीच ‘कोणाला तरी होईल’ म्हणून घेतलेली स्वस्त वस्तू या तुटीत भरच घालते.

तिसऱ्या मार्गात, म्हणजे डिसेंबरच्या पगारातच सारे बसवण्यात, कर्जही नाही आणि साठवणही नाही. म्हणून तो साधा वाटतो, पण इथे खर्च उत्पन्नाएवढा आखडता घ्यावाच लागतो. हे काम वस्तू स्वस्त घेऊन साधत नाही, यादी लहान करून साधते. आठ जणांच्या कुटुंबात प्रत्येकाने प्रत्येकाला भेट द्यायची म्हटले तर 56 भेटी होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकाच व्यक्तीला द्यायची ठरवले तर केवळ आठ. इतकी मोठी बचत दुसऱ्या कोणत्याही उपायाने होत नाही. चिठ्ठ्या उचलताना कोणा ना कोणाच्या हाती स्वतःचेच नाव येण्याची शक्यता सुमारे 63 टक्के असते आणि मग पुन्हा पुन्हा उचलाव्या लागतात. त्याऐवजी नावे पिसून वर्तुळात मांडावीत आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्या नावाला भेट द्यावी, म्हणजे एकदाच काम होते. वर्तुळ मांडणाऱ्याला सर्व जोड्या कळतात, एवढीच काय ती अडचण.

ही गोष्ट घरच्यांशी वेळेवर बोलावी लागते, आणि त्यासाठी आगमनकाळ सुरू होण्याआधीचा आठवडा मला योग्य वाटतो. नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान सुरू होतो आणि 22 ते 28 दिवसांचा असतो. मूळचा तो प्रतीक्षेचा आणि संयमाचा काळ आहे. पूर्वी या दिवसांत उपवासही पाळला जाई. त्यामुळे ‘या वर्षी आपण एकेकच भेट देऊ या’ असे म्हणण्यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. मोठ्या माणसांना हे सांगणे मुलांना सांगण्यापेक्षा अवघड जाते, असा माझा अनुभव आहे. वयाने मोठी असलेली आत्या किंवा मामा यांना ‘तुम्ही भेट आणू नका’ असे सांगण्याऐवजी ‘तुमचेही नाव चिठ्ठ्यांत धरले आहे’ असे सांगितले, तर त्यांचा मान राहतो आणि खर्चही आटोपतो.

या मार्गातला खरा धोका जानेवारीत आहे. अनेक ठिकाणी डिसेंबरचा पगार सणाआधी दिला जातो. तो 23 डिसेंबरला हाती आला आणि पुढचा 31 जानेवारीला, तर त्या पगारावर 39 दिवस काढायचे असतात. म्हणून पगार आल्याबरोबर भाडे आणि बिले वजा करून उरलेली रक्कम 30 ने नव्हे, 39 ने भागावी आणि त्यातून जे सणासाठी सुटेल तेवढेच सणाचे समजावे. हा भागाकार न केलेल्या घरांना जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हात पसरावे लागतात.

चौथा मार्ग कार्डाचा आणि हप्त्यांचा. बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली जाणार असेल, तर कार्ड हे केवळ पैसे देण्याचे साधन आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. रक्कम थकली की काय होते, ते मात्र आकड्यांत पाहावे. समजा 100 भाग खर्च कार्डावर राहिला, व्याज महिन्याला 3 टक्के आहे आणि तुम्ही दरमहा थकबाकीच्या 5 टक्के एवढी किमान रक्कमच भरता. चक्रवाढीने हे व्याज वर्षाला 42 टक्क्यांहून अधिक होते. बारा महिन्यांत तुम्ही सुमारे 55 भाग भरता आणि तरीही सुमारे 77 भाग देणे उरते. पुढचा नाताळ दाराशी येतो तेव्हा मागचा तीन-चतुर्थांशाहून अधिक फिटायचाच असतो. ‘बिनव्याजी हप्ते’ याहून बरे असले तरी त्यांत प्रक्रिया शुल्क असू शकते, रोखीवर मिळणारी सूट बुडते, आणि एकेक हप्ता परवडला तरी पाच वस्तूंचे पाच हप्ते एकाच तारखेला खात्यातून जातात. घराला लागणारीच एखादी टिकाऊ वस्तू या निमित्ताने घ्यायची असेल तर असा एक हप्ता ठीक आहे. सणाच्या जेवणासाठी आणि भेटींसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

आता निवड. हातात आठ महिन्यांहून अधिक काळ आणि ठरावीक पगार असेल, तर पहिला मार्ग घ्यावा आणि सजावटीपुरती दुसऱ्याची जोड द्यावी. तीनच महिने उरले असतील, तर साठवणीने साऱ्या खर्चाची तोंडमिळवणी होणार नाही. यादी आधी निम्मी करावी आणि उरलेल्या खर्चाचे तीन समान भाग पाडावेत. तीनच आठवडे हाती असतील तर चिठ्ठ्या आणि 39 दिवसांचा भागाकार, एवढेच करावे आणि कार्ड कपाटात ठेवावे. ज्यांचे उत्पन्न रोजंदारीचे किंवा कामाप्रमाणे कमीजास्त होणारे आहे, त्यांना ठरावीक साप्ताहिक रक्कम झेपत नाही. त्यांनी हाती येणाऱ्या प्रत्येक रकमेतला ठरावीक हिस्सा, मग तो विसावा का असेना, त्याच दिवशी वेगळा काढावा. ज्या आठवड्यात काम नाही त्या आठवड्यात काहीच काढायचे नसते, आणि त्यामुळे नियमही मोडत नाही.