भाताचा चीन, गव्हाचा चीन

चीनमध्ये यांगत्से नदीच्या दक्षिणेला मुख्यतः भात, उत्तरेला गहू. दोन्हीकडे लोक बहुतांशी हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाचे. मानसशास्त्राचे संशोधक थॉमस टॅलहेम आणि सहकाऱ्यांनी हजारावर विद्यार्थ्यांना विचारलं (2014): आगगाडी, बस, रूळ, यांतली जोडी कोणती? गव्हाकडचे जास्त करून ‘गाडी-बस’ म्हणाले, दोन्ही वाहनं म्हणून. भाताकडच्यांचा कल ‘गाडी-रूळ’कडे, कारण एकाचं दुसऱ्याशी नातं.

विचारांतल्या या फरकाचं मूळ शेतीत आहे, असं त्यांचं म्हणणं. भाताला पाणी सामाईक. पाट, बांध, लावणीची घाई, सगळीकडे शेजारी लागतो, आपल्या इर्जिकीसारखंच. भांडण परवडत नाही. गहू बराचसा पावसावर येतो, कष्टही साधारण निम्मे. एकट्याचं भागतं.

मला जास्त पटतो तो कॉफीच्या दुकानांतला प्रयोग. वाटेत मुद्दाम खुर्च्या आडव्या लावल्या. दोन्हीकडे बहुतेक जण अंग चोरूनच गेले, म्हणजे स्वतःच जुळवून घेतलं, पण खुर्ची सरकवणारे उत्तरेत जास्त निघाले. आणि हे सगळे शहरातले लोक बरं का, शेतकरी नव्हेत!

हवामानाचा किंवा श्रीमंतीचा हा परिणाम असेल, ही शंका रास्त आहे. पण उत्तर चीनमधल्या निंग्शिया प्रांतात जवळजवळच्या दोन सरकारी शेतांवर, एकावर भात, दुसऱ्यावर गहू, माणसं सरकारनेच नेमली होती. फरक तिथेही दिसला.