सेव्हन सिरीज, २२ हजार किलोमीटर: टायर आतून झिजतो, ब्रेक मागून

गाडी बीएमडब्ल्यूची डिझेल सेव्हन सिरीज: ७३० एलडी, जी१२ पिढीतली. वापर १८ महिने, २२ हजार किलोमीटर. त्यातलं निम्म्याहून जास्त पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर, बाकी पुण्यातलं ट्रॅफिक आणि अधूनमधून कोकण. सुरुवातीला चारही टायर नवे, १९ इंची रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे): पुढे २४५/४५, मागे २७५/४० (मिमीत रुंदी / रुंदीच्या टक्क्यांत उंची). आराम, इंजिन आणि मागची सीट यांवर भरपूर लिहिलं गेलंय. इथे फक्त झिजणाऱ्या वस्तूंबद्दल, कारण जुनी सेव्हन घेणारे डिझेलचा हिशोब करून येतात आणि टायर-ब्रेकचा विसरतात.

आधी मापं. नवे असताना खाचांची खोली पुढे साडेसात मिमी, मागे सात. आता पुढच्या टायरला बाहेरून ५.०, मध्ये ५.१, आतून ४.६. मागच्याला बाहेरून ४.४, मध्ये ३.७ आणि आतून २.४. कायद्याची मर्यादा १.६. म्हणजे गाडीशेजारी उभं राहून मागचं टायर बघितलं तर निम्म्याहून जास्त आयुष्य बाकी वाटतं, आणि त्याच टायरची आतली कड पावसाळ्यासाठी आत्ताच बाद आहे.

मागचे आधी का जातात, ते सरळ आहे. गाडी मागच्या चाकांवर चालते आणि इंजिनचा टॉर्क ६२० एनएम आहे. तो सगळा त्या दोन टायरमधून रस्त्यावर उतरतो. मध्यभाग त्यामुळे झिजतो. आतली कड झिजते ती मात्र कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं) यांमुळे. मागची चाकं मुद्दामच वरून आत कललेली असतात, साधारण दीड ते दोन अंश. वळणावर वजन बाहेरच्या चाकावर गेलं की टायर पूर्ण टेकावं म्हणून ही रचना. पण एक्सप्रेसवेवर गाडी तासन्‌तास सरळच जाते, आणि तेव्हा भार आतल्या पट्टीवर जास्त पडतो.

तरी एकट्या कॅम्बरने टायर इतक्या लवकर जात नाही. खरा घातक भाग टो. चाक सरळ रेषेपासून १० मिनिटं, म्हणजे अंशाचा फक्त सहावा भाग, जास्त वळलेलं असेल, तर भूमितीच्या हिशोबाने ते दर किलोमीटरला जवळजवळ तीन मीटर आडवं ओढलं जातं. २२ हजार किलोमीटरला ही ओढ साठ किलोमीटरच्या वर जाते. कॅम्बरमुळे आतल्या कडेवर भार आधीच जास्त, त्यात ही घासण. दोन्ही एकत्र आली की आतल्या कडेला रबराखालच्या तारा दिसायला वेळ लागत नाही.

म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन मोजून जुळवणं. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. बऱ्याच टायरवाल्यांकडे पुढचा टो जुळवतात, स्टिअरिंग सरळ करतात आणि 'मागचं ॲडजस्ट होत नाही' म्हणून सांगतात. या गाडीचं होतं: टो आणि कॅम्बर दोन्ही, मागच्या सस्पेन्शन आर्मवरच्या एक्सेंट्रिक बोल्टने (फिरवला की चाकाचा कोन बदलणारा बोल्ट). क्रम महत्त्वाचा आहे. आधी मागची चाकं, मग पुढची. कारण गाडी कुठल्या दिशेने ढकलली जाते ते मागची चाकं ठरवतात. एअर सस्पेन्शन असल्याने गाडी नेहमीच्या उंचीवर बसलेली हवी. स्पोर्टमध्ये ती खाली बसते आणि खाली बसली की कॅम्बर वाढतो, त्यामुळे त्या अवस्थेत घेतलेली मापं निरुपयोगी. चारही टायरची हवा आधी बरोबर करायची आणि आधीचा-नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट मागायचे. मागच्या टोचे आकडे प्रिंटवर नसतील तर ते काम अर्धंच झालेलं आहे. दर दहा हजार किलोमीटरला, आणि मोठा खड्डा लागला तर त्याच आठवड्यात.

आतली कड बघायची कशी? पुढच्या चाकांना स्टिअरिंग पूर्ण वळवून दिसते. मागच्यांना तशी सोय नाही. मोबाइलचा फ्लॅश लावून हात चाकामागे घालायचा आणि टायरच्या आतल्या बाजूचा फोटो काढायचा. दोन मिनिटांचं काम आहे. गाडी उभी करून थोडा वेळ गेला असेल तर तळहात टायरवर आधी एका दिशेने, मग उलट्या दिशेने फिरवावा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट फिरवताना प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दात्यासारखी बोटांना लागत असेल, तर टोचा दोष नक्की. हीच झीज ताशी ६० ते ८० च्या दरम्यान गुरगुर करते, आणि बेअरिंग गेलं समजून लोक हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बदलून बसतात. वेगळं ओळखायचं तर मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवावी. बेअरिंगचा आवाज भार बदलला की कमी-जास्त होतो, टायरचा साधारण तसाच राहतो. पण आतल्या कडेच्या तारा दिसत असतील तर ही चाचणी नको, गाडी तिथेच थांबवावी.

पुढे-मागे मापं वेगळी असल्याने टायर रोटेट करता येत नाहीत. डावं-उजवं बदलता येतं, पण त्याने आतली कड आतच राहते, म्हणजे मूळ प्रश्नाला उपयोग नाही. एका दिशेच्या नक्षीचं टायर असेल तर रिमवरून उतरवल्याशिवाय तेही शक्य नाही. थोडक्यात मागची जोडी आधी जाणार, पुढची जोडी तिच्या दीडपट चालणार, असंच धरून चालावं.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे: कमी भाराला वेगळा, पूर्ण भाराला वेगळा, पुढे-मागे वेगळा. पंपावरचा मुलगा न विचारता सगळीकडे पस्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरतो, त्याला आकडे सांगावे लागतात. हवा थंड टायरमध्येच तपासायची. तापमान दहा अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने सरकतो, म्हणून गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसला तर हवा सोडू नये. नायट्रोजनबद्दल इतकंच, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा असल्याचा थोडा फायदा, बाकी दर पंधरा दिवसांनी तपासणं हाच उपाय. भरल्यावर स्क्रीनवरून टायर प्रेशर रीसेट करायला विसरू नये, नाहीतर सिस्टीम जुन्याच आकड्याशी तुलना करत राहते.

रनफ्लॅटबद्दल. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, आणि रात्री आंबा घाटात किंवा पावसात एक्सप्रेसवेवर याची किंमत कळते. बदल्यात कडक साइडवॉल (टायरची बाजूची भिंत). खड्ड्याचा मार टायर पचवत नाही, तो रिमवर जातो किंवा साइडवॉलला फुगा येतो. फुगा म्हणजे आतल्या दोऱ्या तुटलेल्या. त्यावर दुरुस्ती नाही, टायर बदलणं एवढंच. पंक्चर फक्त मधल्या नक्षीत असेल आणि टायर हवेविना चाललेलं नसेल तरच मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं ठिगळ), तोही टायर उतरवून आतून. बाहेरून दोरी खुपसणं या वजनाच्या गाडीला नको. साधे टायर लावले तर आराम नक्की वाढतो, पण डिकीत स्पेअर असेल तरच तो विचार करावा.

नवे घेताना मापाबरोबर लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतं त्याचा आकडा) बघावा: १०२ म्हणजे ८५० किलो, १०५ म्हणजे ९२५. स्वस्तात मिळालेल्या टायरवर हाच आकडा खाली असतो. साइडवॉलवरची तारेची खूण बीएमडब्ल्यूसाठी जुळवलेल्या टायरची. साइडवॉलवरच्याच डॉट कोडचे शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २७५/४० आर १९ हे पटापट खपणारं माप नाही, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला माल मिळण्याची शक्यता जास्त. बसवण्याआधी दोन्ही टायरचा कोड वाचावा. पावसाळ्याला मात्र १.६ ची वाट बघू नये. २७५ रुंदीच्या टायरला पाणी बाजूला सारायला जास्त वेळ लागतो. तीन मिमीच्या खाली ते साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतं.

आता ब्रेक. वजनाचा अर्थ घाटात समजतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर, खोपोली साठ-सत्तरवर. चार माणसं आणि सामान धरून २,१०० किलोची गाडी ही ५५० मीटरची उतरण उतरते, तेव्हा साधारण ११ मेगाजूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी १०० वरून पूर्ण थांबवायला ०.८ मेगाजूल लागतात. म्हणजे बोरघाट उतरणं हे १०० वरून चौदा वेळा थांबण्याइतकं काम आहे. हवा आणि टायर त्यातलं थोडं खातात. उरलेलं इंजिनने खायचं की ब्रेकच्या डिस्कने (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिच्यावर पॅड दाबले की गाडी थांबते), हे चालवणाऱ्याच्या हातात.

इथे एक सवय फार महाग पडते: इको प्रो या इंधन वाचवणाऱ्या मोडमध्ये घाट उतरणं. त्या मोडमध्ये पाय उचलला की गाडी कोस्टिंगला जाते, गिअरबॉक्स इंजिनपासून सुटतो आणि इंजिन ब्रेकिंग शून्य होतं. क्रूझ कंट्रोल लावून उतरणंही तसंच, वेग धरून ठेवायला गाडी स्वतःच ब्रेक लावत राहते. घाटाच्या तोंडाशी कम्फर्ट किंवा स्पोर्ट, गिअर लिव्हर डावीकडे, हाताने तिसरा-चौथा गिअर. ब्रेक लावायचा तर थोडा वेळ पण नीट दाबून, मग पूर्ण सोडून. पेडलवर सतत पाय ठेवला की डिस्कला थंड व्हायला सवडच मिळत नाही.

उतरल्यावर लगेच रांगेत थांबावं लागलं तर आणखी एक गोष्ट. तापलेल्या डिस्कला ऑटो होल्डने (गाडी थांबली की ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) पॅड एकाच जागी चिकटून राहतात आणि तिथे पॅडच्या मालाचा डाग बसतो. पुढे १०० च्या वेगावर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं, आणि डिस्क वाकडी झाली असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते; डाग, किंवा त्यामुळे आलेला जाडीतला सूक्ष्म फरक, एवढंच असतं. घाट संपल्यावर दोन-तीन किलोमीटर ब्रेक न लावता जाऊ द्यावेत.

पॅडमध्येही मागचे आधी. ऑटो होल्ड, क्रूझ, स्टॅबिलिटी कंट्रोल यांचं लहान-लहान ब्रेकिंग मागच्या चाकांवर बरंच येतं, शिवाय तिथले पॅड मुळातच लहान. बावीस हजाराला मागच्यांना पाच मिमी उरलेत, पुढच्यांना सात. पॅड संपल्याचं सांगणारे सेन्सर फक्त दोन चाकांना आहेत, पुढचं डावं आणि मागचं उजवं. त्यामुळे मागच्या डाव्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिन अडकून एकच पॅड झिजला तर स्क्रीन काही सांगत नाही. वर्षातून एकदा चारही चाकं काढून आतला आणि बाहेरचा पॅड दोन्ही मोजावेत. दोघांत दोन मिमीहून जास्त फरक म्हणजे कॅलिपर नीट सरकत नाही.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मिन टीएच म्हणून. नव्या जाडीपेक्षा ती फक्त १.६ मिमी कमी. ३६ ची डिस्क ३४.४ ला बाद, २४ ची २२.४ ला. युरोपियन पॅड डिस्कलाही खातात, तो काळा चुरा दोघांचा मिळून असतो. साधारण दुसऱ्या पॅडजोडीला डिस्क बदलणं येतंच. बाहेरच्या कडेला न झिजलेली किनार उभी राहते, म्हणून व्हर्नियर लावला तर जाडी जास्त दिसते. मायक्रोमीटरने किनारीच्या आत मोजावी. लेथवर घासून देण्याचा सल्ला धुडकावावा, घासायला माल उरलेलाच नसतो.

मागचे पॅड बदलताना पार्किंग ब्रेकची मोटर कॅलिपरवरच आहे. आधी सर्व्हिस मोडमध्ये घालून मोटर मागे घ्यायची; जबरदस्तीने पिस्टन दाबला तर मोटरचे गिअर जातात. रबरी बुशातल्या गाइड पिना कोरड्या पुसूनच बसवायच्या. गॅरेजात हमखास त्यांना ग्रीस लावतात, रबर फुगतं आणि पिन अडकते. डिस्क बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने काढावा, तिथला एक कण डिस्कच्या कडेला मोठा होऊन दिसतो. सेन्सर एकदा घासून तुटला की नवाच. चाकाचे बोल्ट १४० एनएमला टॉर्क पान्याने. नव्या पॅड-डिस्कला पूर्ण जोर यायला साधारण ५०० किलोमीटर लागतात, नव्या टायरला ३००. तेवढं सांभाळून चालवावं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, किलोमीटर काहीही असोत. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या मानकात कोरड्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. कोकण-मुंबईच्या दमट हवेत गाडी राहत असेल तर घाटात हा फरक पेडलला कळतो.

जुनी सेव्हन बघायला जाणाऱ्यांनी डेप्थ गेज (खाचांची खोली मोजायचं साधन) खिशात ठेवावा आणि मागच्या दोन्ही टायरची आतली कड आधी मोजावी. मागची जोडी कोरी करकरीत दिसली तर अलाइनमेंटचा प्रिंटआउट मागावा. तो नसेल तर व्यवहाराआधी करून घ्यावा, कारण नव्या टायरवर आतली झीज डोळ्याला दिसायला सहा-सात हजार किलोमीटर जावे लागतात.