तिसरं पायडल: एम-टू मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

बाणेरला राहणारा माझा मामेभाऊ दोन महिने एकाच प्रश्नावर अडला होता. गाडी ठरली होती, बीएमडब्ल्यू एम-टू. रंग ठरला होता, बँकेशी बोलणं झालं होतं. अडलं होतं ते गिअरबॉक्सवर. सहा गिअरची मॅन्युअल की आठ गिअरची ऑटोमॅटिक? घरात कुणालाही विचारलं की एकच उत्तर यायचं, "अरे, कोटभर रुपये घालून क्लच कोण दाबत बसतं?" त्याला ते पटत नव्हतं आणि मलाही पटत नव्हतं. पण "मग मॅन्युअलच घे" असंही मी लगेच म्हणालो नाही. त्याच्याशी जे बोललो ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण हा प्रश्न पडावा अशा गाड्याच आता फार उरलेल्या नाहीत.

किती उरल्या आहेत ते आधी पाहू. फॉर्म्युला वन शर्यतींतल्या १९८९च्या ब्राझिलियन ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेल जिंकला तो फेरारी ६४० चालवून, आणि त्या गाडीचे गिअर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलत होते. १९९७मध्ये त्याच पट्ट्या फेरारी ३५५च्या रस्त्यावरच्या गाडीत आल्या. २००९मध्ये ४५८ इटालिया आली तेव्हा तिच्यात मॅन्युअलचा पर्यायच ठेवला नव्हता. लॅम्बोर्गिनीची गॅलार्डो मॅन्युअलमध्ये मिळायची, तिच्या जागी आलेली हुराकान मिळाली नाही. निसान जीटी-आर २००७पासून ड्युअल क्लचवरच, म्हणजे दोन क्लच स्वतःच चालवणाऱ्या गिअरबॉक्सवरच होती. अमेरिकेची कॉर्वेट पिढ्यान् पिढ्या मॅन्युअलमध्येही मिळायची, पण इंजिन मागे सरकलेल्या सी-एट या आठव्या पिढीत ती सोयही गेली. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आता फक्त ऑटोमॅटिक मिळते, भारतात आलेलीसुद्धा.

पोर्शची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. २०१३मध्ये त्यांनी ९११ जीटी-थ्री काढली ती फक्त पीडीके या ड्युअल क्लच गिअरबॉक्ससह. चाहते नाराज झाले. २०१६मध्ये ९११ आर आली, फक्त मॅन्युअल, एकूण ९९१ गाड्या. मागणी इतकी होती की पुढच्याच वर्षी जीटी-थ्रीमध्ये मॅन्युअल परत आलं. आकडे मात्र मॅन्युअलच्या बाजूने कधीच नव्हते. २०२१च्या जीटी-थ्रीचे पोर्शने दिलेले आकडे बघा: शून्य ते शंभर पीडीकेने ३.४ सेकंद, मॅन्युअलने ३.९. मॅन्युअल गाडी १७ किलोंनी हलकी असूनही अर्धा सेकंद मागे. ज्यांनी ती घेतली, त्यांना हे घेण्याआधीच माहीत होतं. आजच्या ९११मध्ये मॅन्युअल हवं असेल तर साध्या करेराकडे जाऊन उपयोग नाही, करेरा टी किंवा जीटी-थ्रीकडेच जावं लागतं.

म्हणजे मॅन्युअल हा पूर्वीसारखा स्वस्तातला मूळ पर्याय राहिलेला नाही. तो आता मुद्दाम मागून घ्यायचा प्रकार झाला आहे.

ते कमी का झालं

लोक आळशी झाले म्हणून, असं म्हणणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. ड्युअल क्लचमध्ये एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो आणि दुसरा २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो, फक्त एका क्लचने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं. माणसाचा हात आणि पाय या वेगाशी बरोबरी करूच शकत नाहीत. २००३च्या गोल्फ आर-३२मधून ही यंत्रणा रस्त्यावरच्या गाड्यांत आली आणि तिथून शर्यत एकतर्फी झाली.

दुसरं कारण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. टर्बो इंजिनं आज जेवढा टॉर्क देतात तेवढा झेलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स जड होतो आणि क्लच पायाला दगडासारखा लागतो. म्हणून कंपन्या मॅन्युअल गाडीचा टॉर्क मुद्दाम कमी ठेवतात. तिसरं, प्रदूषणाचे नियम. आठ गिअरचं ऑटोमॅटिक इंजिनाला सतत कमी आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला कमी फेऱ्यांवर ठेवू शकतं. मॅन्युअल कमी पेट्रोल पिते, ही आपल्या वडिलांच्या पिढीतली खरी गोष्ट आता खरी राहिलेली नाही. आणि थोड्याच ग्राहकांसाठी आणखी एका गिअरबॉक्सची चाचणी आणि मंजुरी घेण्याचा खर्च कंपनीच्या हिशेबात बसत नाही.

एम-टू, दोन्ही रूपांत

ही पिढी मे २०२३मध्ये भारतात आली तेव्हा किंमत ९८ लाख होती, एक्स-शोरूम. २०२४च्या अखेरीला जास्त ताकदीची आवृत्ती १ कोटी ३ लाखांना आली. दोन्हींत तीन लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन. ताकद मागच्या चाकांना. खालचे आकडे जास्त ताकदीच्या आवृत्तीचे.

| | मॅन्युअल | ऑटोमॅटिक |
|---|---|---|
| गिअर | ६ | ८ |
| ताकद | ४८० अश्वशक्ती | ४८० अश्वशक्ती |
| टॉर्क | ५५० न्यूटन-मीटर | ६०० न्यूटन-मीटर |
| ० ते १०० | ४.२ सेकंद | ४.० सेकंद |

टॉर्कची ओळ बघा. वर म्हटलं ते इथे दिसतं: मॅन्युअल घेणाऱ्याला ५० न्यूटन-मीटर कमी मिळतात. ५३० अश्वशक्तीची एम-टू सीएस तर फक्त ऑटोमॅटिकच आहे. एम-थ्री आणि एम-फोरमध्येही मॅन्युअल फक्त सर्वात कमी ताकदीच्या आवृत्तीला मिळतं.

०.२ सेकंदांचा फरक मी विचारातच घेणार नाही. सिग्नलवर तो कुणालाही जाणवत नाही आणि रस्त्यावर तो मोजायला जाऊही नये.

ऑटोमॅटिकबद्दल एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मागच्या पिढीच्या एम-टूमध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच होता, या पिढीत टॉर्क कन्व्हर्टर आहे. उत्साही लोकांनी यावर नाकं मुरडली होती, पण आपल्या रस्त्यांसाठी हा बदल चांगला आहे. ड्युअल क्लच गाडी अगदी सावकाश, इंचाइंचाने सरकवताना क्लच घासते, गरम होते, धक्के देते. टॉर्क कन्व्हर्टर तेलातून ताकद देतो, त्यामुळे गाडी लोण्यासारखी सरकते. हिंजवडीच्या सकाळच्या गर्दीत पाऊण तास घालवणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. आणि जोरात चालवायची म्हटली की हाच गिअरबॉक्स कडक होतो, पट्टी ओढताक्षणी गिअर पडतो. तो जुन्या, सुस्त ऑटोमॅटिकसारखा मुळीच नाही.

मॅन्युअलचा दांडा, खरं सांगायचं तर, जगातला सर्वोत्तम नाही. माझदाच्या एमएक्स-फाइव्हमध्ये किंवा पोर्शमध्ये गिअर पडतो तो कुलपात चावी फिरल्यासारखा. बीएमडब्ल्यूचा जरा रबरी वाटतो आणि हाताला लांब जावं लागतं. क्लचही हलका नाही. तरीही त्याच्यात काहीतरी आहे, आणि ते घाटात कळतं.

ताम्हिणी घ्या. मुळशी मागे पडली की वळणं सुरू होतात. वळणाआधी ब्रेक लावायचा, क्लच दाबायचा, उजव्या पायाची कड एक्सिलरेटरला टेकवून आरपीएम वर न्यायचे, तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं, क्लच सोडायचा. हे सगळं एका सेकंदाच्या आत. नीट जमलं तर गाडी एवढीही हलत नाही, इंजिनाचा सूर एक पायरी वर जातो आणि वळण संपेपर्यंत तो तुमच्या पायाखाली राहतो. ताशी ५० किलोमीटरला हे घडतं. माझ्या मते मॅन्युअलच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. ४८० अश्वशक्तीची गाडी ऑटोमॅटिकमध्ये खरी मजा द्यायला लागते तेव्हा ती एक्सप्रेस-वेच्या ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे गेलेली असते. मॅन्युअल त्या मर्यादेच्या खूप अलीकडे तुम्हाला काम देते, आणि ते काम चांगलं करण्यात आनंद आहे. (एम-टूमध्ये आरपीएम जुळवून देणारी इलेक्ट्रॉनिक मदत आहे. शिकेपर्यंत चालू ठेवा, नंतर बंद करा.)

आता याच घाटाची दुसरी बाजू. जुलैत, धुक्यात, ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांवर ५५० न्यूटन-मीटर असताना खालच्या गिअरला घाईने क्लच सोडला तर मागची चाकं क्षणभर अडकतात आणि गाडीची शेपटी हलते. ऑटोमॅटिक अशी चूक करू देत नाही. आणि मुळशीच्या वाटेवरच्या प्रत्येक गावाचे गतिरोधक! एवढी बसकी गाडी तिरकी घालून, पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर, सावकाश उतरवायची. दिवसातून तीसेक वेळा हे केलं की डावा पाय बोलायला लागतो. वरंधा, आंबोली, चोर्ला, सगळीकडे हेच.

कुणी कोणती घ्यावी

घरात ही एकच गाडी असेल आणि रोज ऑफिसला जायचं असेल, तर ऑटोमॅटिक घ्या. मनाला टोचणी लावून घेऊ नका. गर्दीत वैतागून चालवलेल्या मॅन्युअलचा राग शेवटी गाडीवरच निघतो, आणि वर्षभरात ती विकायला काढलेली दिसते.

घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी असेल आणि ही रविवारची असेल, तर मॅन्युअल. इथे मी अजिबात घुटमळणार नाही. जलद ऑटोमॅटिक पुढची वीस वर्षं मिळेल, बहुधा आजच्यापेक्षा चांगली. इलेक्ट्रिक गाड्या तर तिच्याहून जलद आहेतच, आणि ह्युंदाईच्या आयोनिक फाइव्ह एनमध्ये नसलेल्या गिअरचे धक्के आणि आवाज सॉफ्टवेअरने निर्माण केले आहेत, इतकी लोकांना त्यांची आठवण येते. सहा सिलिंडर, मागची चाकं आणि तीन पायडलं एकत्र असलेली नवी गाडी मात्र पुढच्या वेळी तुम्ही शोरूममध्ये जाल तेव्हा असेलच असं नाही.

मध्ये कुठेतरी असाल तर गाडी आणखी कोण चालवणार ते आधी विचारा. वडिलांचा गुडघा, बहिणीला क्लचची सवय आहे की नाही, हॉटेलच्या दारात चावी कुणाच्या हातात द्यावी लागणार, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. परदेशात राहणाऱ्यांनी लायसन्सही बघावं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही. जर्मनीतही हे बंधन येतं, मात्र एप्रिल २०२१पासून तिथे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअलचे दहा धडे आणि एक छोटी चाचणी पूर्ण केली की परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही चालवता येतात. नव्याने तिकडे गेलेल्यांनी हे आधीच करून घ्यावं.

विकतानाच्या किमतीसाठी मात्र मॅन्युअल घेऊ नका. जुन्या मॅन्युअल फेरारींना त्यांच्याच ऑटोमॅटिक भावंडांपेक्षा लिलावात बराच जास्त भाव येतो, हे खरं आहे. पण त्या मोजक्या गाड्या, आणि ते गिऱ्हाईक जगभरचं. पुण्या-मुंबईत जुनी एम-टू घेणारे मुळात कमी, त्यांतले क्लच हवा असणारे आणखी कमी.

कोटीचा विषयच नसेल, तरी हा प्रश्न वीस लाखांतही तसाच आहे. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचं दीड लिटरचं टर्बो इंजिन १५० अश्वशक्ती देतं, आणि त्याला सहा गिअरचं मॅन्युअल किंवा सात गिअरचं डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचं ड्युअल क्लच, जोडलेलं असतं. तिथे मी एम-टूपेक्षाही ठामपणे मॅन्युअलच्या बाजूचा आहे. १५० अश्वशक्ती तुम्ही घाटात पूर्ण वापरू शकता, प्रत्येक गिअर शेवटपर्यंत ओढू शकता. शिवाय तिच्या डीएसजीतला क्लच कोरडा असतो, त्याला रांगेत इंचाइंचाने सरकणं मानवत नाही. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन-लाइनचं उदाहरण मला फार आवडतं. २०२१मध्ये ती आली तेव्हा ड्युअल क्लच नको असेल तर आयएमटी घ्यावं लागे, म्हणजे हाताने बदलायचे गिअर आणि क्लचचं पायडलच नाही. २०२३मध्ये त्यांनी ते काढून साधं सहा गिअरचं मॅन्युअल दिलं. क्लचचं पायडल परत आणणारी कंपनी रोज बघायला मिळत नाही.

मामेभावाला मी शेवटी एवढंच सांगितलं, की फॉर्म भरण्याआधी दोन दिवस दे. एका सोमवारी सकाळी नऊला कुठलीही मॅन्युअल गाडी घेऊन ऑफिसला जा. मग रविवारी पहाटे तीच घेऊन ताम्हिणी उतर. सोमवारी तो फोनवर वैतागलेला होता. रविवारी फोन आलाच नाही. साडेनऊला वहिनींचा मेसेज आला: माणगावला वडापाव खातोय, परत येताना मी चालवणार आहे. घरात ऑफिसला न्यायला दुसरी ऑटोमॅटिक आहेच. फॉर्मवर मॅन्युअल लिहिलं गेलं.