दहा पौंडांत रेफ्री कानात

हाउन्सलोहून 281 नंबरची बस पकडून मी वर्षातून दोन-तीनदा लंडनमधल्या ट्विकनमच्या स्टेडियमवर रग्बी बघायला जातो. पहिली दोन वर्षं शिट्टी कशाला वाजली हे कधी कळलं नाही. शेजारच्यालाही कळत नसावं, पण तो मान अशी हलवायचा की नियम जणू त्यानंच लिहिलेत. ह्या वेळी बाहेरच्या स्टॉलवर दहा पौंड मोजले आणि रेफ्रीचं बोलणं ऐकवणारा छोटा रेडिओ घेतला.

वस्तू साधीच. गळ्यात अडकवायला दोरी, कानात घालायला एक बोंडूक. वायर ताठ आहे, टोपी सरळ केली की बोंडूक बाहेर. बटण एवढंसं की हातमोजे घालून दाबता येत नाही, आणि फेब्रुवारीत हातमोजे काढवत नाहीत.

पण ऐकू काय येतं राव! रेफ्री ऐंशी मिनिटं बोलत असतो. हात काढ, मागे सर, सोड म्हटलंय ना. आणि समोरचा सव्वाशे किलोचा गडी म्हणतो, "येस सर." चौथीच्या वर्गात हजेरी चाललीय असं वाटतं.

मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलो. मामा पंच होते. पेनल्टी दिली की अकरा जण त्यांना घेरायचे, आईमाईचा उद्धार व्हायचा, आणि घरी आल्यावर मामी शर्टाची बटणं मोजायची. (पेठेचं नाव सांगत नाही. दिवाळीला गावी जायचंय.)

इथं एका खेळाडूनं पेनल्टीवर (रग्बीत ती चूक झाली तिथून मिळते) नुसते हात पसरून तक्रार केली. कानात रेफ्रीचा आवाज आला, अजिबात न चढवता: दहा मीटर पुढे. झालं. पंचाशी वाद घातला की पेनल्टीची जागा दहा मीटर पुढे सरकते, आणि तेवढ्यानं कधीकधी गोलपोस्ट किकरच्या टप्प्यात येतात. मग त्याच्याच कॅप्टननं त्याला खांद्याला धरून मागे ओढलं. पिवळं कार्ड दाखवूनही फुटबॉलमध्ये हे घडताना मी बघितलेलं नाही. सगळ्या टीमचं नुकसान होतं, म्हणून टीमच तोंड आवरते.

शिवी दिली तर मात्र दहा मीटरवर भागत नाही. 25 मे 2013 ला ह्याच मैदानावर प्रीमियरशिपची, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी क्लबांच्या लीगची, फायनल होती, नॉर्थॅम्प्टन विरुद्ध लेस्टर. हाफटाइमच्या तोंडावर नॉर्थॅम्प्टनचा कॅप्टन डिलन हार्टली शिवी देऊन बसला आणि रेफ्री वेन बार्न्सनं त्याला लाल कार्ड दाखवलं. मी रेफ्रीला नाही, लेस्टरच्या टॉम यंग्जला बोललो, असं त्याचं म्हणणं. सुनावणीत ते टिकलं नाही. 11 आठवडे बंदी, ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या लायन्स टीमचा ऑस्ट्रेलिया दौरा हातचा गेला. चौदा जणांची टीम 37-17 हरली. एका वाक्याची एवढी किंमत मला तेव्हा जास्त वाटली असती. रेडिओ ऐकल्यावर वाटत नाही. तीस जणांना इतक्या शांतपणे हाकणारा माणूस कानात बसला की त्याचीच बाजू पटायला लागते. मोठ्यानं ओरडणं माझ्याच्यानं झालंच नाही, तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं वाटलं.

शेजाऱ्याच्या कानातही हाच रेडिओ होता. रेफ्रीनं प्रत्येक निर्णयाचं कारण सांगितलं, ह्यानं ते नीट ऐकून घेतलं, आणि मग त्याला आंधळा म्हणाला. ह्याच्यावर नियमांत काही इलाज नाही.

पाचपैकी चार तारे. नवख्यानं जरूर घ्यावा. जुन्या मंडळींनी टोपी घरी ठेवून घ्यावा.

रात्री व्हिडिओ कॉलवर मामांना रेडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "प्रेक्षक बंद करायचं बटण कुठलं?"

नाही म्हटलं. वायर ताठ आहे, तेवढं सांगितलं.