३ नॅनोमीटरचा ओ-थ्री फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

छोटी अपवर्तक दुर्बीण, थंड केलेला मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि हा फिल्टर, अशी जोडणी मी गेले कित्येक महिने वापरतोय. फिल्टर घ्यावा का? घ्या, पण नुसत्या देखण्या फोटोसाठी नको. आकाशाच्या एकाच तुकड्यावर रात्रीमागून रात्र घालवायची तयारी असेल, तरच त्याचे पैसे वसूल होतात.

दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, म्हणजेच ओ-थ्रीची, ५००.७ नॅनोमीटरची रेषा आणि तिच्या आजूबाजूचा ३ नॅनोमीटरचा अगदी अरुंद पट्टा एवढंच यातून आत येतं. आधीच्या ७ नॅनोमीटरच्या फिल्टरशी तुलना केली तर आकाशाची उजळी निम्म्याच्याही खाली आली आणि जे तेजोमेघ पार्श्वभूमीत बुडून जायचे ते वर आले. मात्र पार्श्वभूमी इतकी काळी झाली की कॅमेऱ्याचा रीड नॉइज (चित्र वाचताना कॅमेरा स्वतःच मिसळतो तो गोंगाट) जाणवू लागतो, म्हणून एकेक एक्स्पोजर लांब घ्यावं लागतं. मी पाच ते दहा मिनिटांचं घेतो. त्यासाठी गायडिंग, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर अचूक रोखून ठेवणं, चोख हवं.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर देवयानी दीर्घिकेपाशी आहे. जगात सर्वाधिक टिपल्या गेलेल्या दीर्घिकांपैकी ही एक. तरीही यान सँती, मार्सेल ड्रेक्सलर आणि ग्झाव्हिए स्ट्रॉटनर या हौशी निरीक्षकांना तिच्या शेजारी सुमारे दीड अंश लांबीची ओ-थ्रीची कमान सापडली. म्हणजे पूर्ण चंद्राच्या तिप्पट! २०२३च्या जानेवारीत शोध जाहीर झाला. दुर्बीण होती १०६ मिलिमीटरची. त्या भागाला ओ-थ्रीमध्ये इतका वेळ तोवर कुणी दिलाच नव्हता. मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणींचं दृश्यक्षेत्र लहान असतं आणि त्यांचा एकेक तास मोजून मिळतो. रिकाम्या वाटणाऱ्या आकाशासाठी तो कोण देणार? तो वेळ आपल्याकडे आहे. ती कमान देवयानीजवळची की आपल्याच आकाशगंगेतली, यावर पुढे व्यावसायिक संशोधकांनी काम केलं. पण ती आहे हे आधी हौशींनी दाखवलं, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता त्रास. ठळक ताऱ्यांभोवती प्रभामंडळं येतात, आणि ओ-थ्रीमध्ये ती हायड्रोजन-अल्फापेक्षा (हायड्रोजनची लाल रेषा टिपणारा फिल्टर) मला जास्त दिसली. धोका असा की ताणलेल्या (अंधूक भाग उजळवलेल्या) चित्रात अशा वलयाचा तुकडा अगदी तेजोमेघासारखा दिसतो. यावर माझा उपाय म्हणजे दुसऱ्या रात्री कॅमेरा फिरवायचा आणि तारा फ्रेमच्या वेगळ्या कोपऱ्यात आणायचा. आतल्या परावर्तनाचा डाग जागा किंवा आकार बदलतो. खरा वायू ताऱ्यांच्या सापेक्ष जागचा हलत नाही. फ्लॅट फ्रेम्सबाबत (फ्रेममधली असमान उजळी आणि धुळीचे डाग काढायला घेतलेली एकसारख्या उजेडाची चित्रं) तर जराही सूट नको. अंधूक वस्तूची उजळी आकाशाच्या एखाद्या टक्क्याएवढी असते, आणि फ्लॅट तेवढा चुकला तरी खोटी कमान उभी राहते. चंद्रप्रकाश असला की मी ओ-थ्री बाजूला ठेवतो. विखुरलेला प्रकाश निळ्या-हिरव्यात जास्त असतो. अशा रात्री हायड्रोजन-अल्फाच्या.

एफ/३ किंवा त्याहून वेगवान दुर्बीण (फोकल लांबी भिंगाच्या व्यासाच्या तिप्पट किंवा कमी) असेल तर साधा ३ नॅनोमीटरचा फिल्टर टाळा. तिरप्या किरणांमुळे त्याचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि हवी तीच रेषा कापली जाते. वेगवान दुर्बिणींसाठी वेगळे बनवलेले मिळतात.

संशयास्पद काही दिसलंच तर घाई नको. २००८च्या जुलैत डेव्ह जुरासेविच यांना हंस तारकासमूहात साबणाच्या फुग्यासारखा ग्रहीय तेजोमेघ (मरत्या ताऱ्याने फेकलेल्या वायूचं कवच) सापडला. काही दिवसांतच इतर हौशींनीही तो स्वतंत्रपणे टिपला. असा दुजोरा मिळाला की व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञही लक्ष देतात. मी आधी सिम्बाड हा खगोलीय वस्तूंचा डेटाबेस आणि ग्रहीय तेजोमेघांची हॅश ही यादी तपासतो, जुन्या सर्वेक्षणांतली त्या जागेची चित्रं अलादीन या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहतो. तरीही डाग टिकला, तर वेगळी दुर्बीण आणि वेगळा कॅमेरा असलेल्या मित्राला त्या जागेचे फक्त सहनिर्देशक पाठवतो. माझा फोटो त्याचं चित्र तयार होईपर्यंत दाखवत नाही, म्हणजे काय शोधायचं हे त्याच्या डोळ्यांना आधीच ठाऊक नसतं.